‘विंदू’ म्हणजे खरोखर वाऱ्याचा डोळा का?

प्रश्न :
नॉर्वेजियनच्या दोन लेखनरूपांपैकी बुकमोलमध्ये खिडकीला ‘विंदू’ आणि नीनॉर्स्कमध्ये ‘विन्दाउगे’ म्हणतात. या शब्दाची फोड ‘वारा’ आणि ‘डोळा’ अशी दिलेली माझ्या वाचनात आली. परंतु ‘विंदू’मध्ये डोळा कोठेच दिसत नाही. ही व्युत्पत्ती खरी आहे, की ध्वनिसाम्यावरून मागाहून रचलेली?

पहिले उत्तर :
खरी आहे. प्राचीन नॉर्समधील (स्कँडिनेव्हियाच्या मध्ययुगीन भाषेतील) ‘विन्दाउगा’ हा ‘विंदर’ (वारा) आणि ‘आउगा’ (डोळा) यांचा समास होय. नीनॉर्स्क ही १९व्या शतकात ईवार ओसेन यांनी ग्रामीण बोलींच्या आधारे उभी केलेली लेखनभाषा असल्यामुळे तिच्यात हा समास जवळजवळ अखंड राहिला. बुकमोल मात्र नॉर्वेतील डॅनिश लेखनपरंपरेतून घडली आणि डॅनिशमध्ये उत्तरपद आधीच झिजून ‘विन्दुए’ एवढेच उरले होते. आपल्याला न दिसणारा डोळा तेथे हरवला.

येथे ‘डोळा’ म्हणजे भोक. सुईच्या नेढ्यालाही नॉर्वेजियनमध्ये सुईचा डोळाच म्हणतात. शब्द घडला तेव्हा सामान्य घरांना काचेच्या खिडक्या नव्हत्या, त्यामुळे अशा उघड्या भोकातून प्रकाशाइतकाच वाराही आत येई. चुलीवरच्या छतातील धुराड्यासाठी ‘ल्योरी’ हा निराळा शब्द होता.

दुसरे उत्तर :
इंग्रजीतील ‘विंडो’ हा याच नॉर्स शब्दाची उसनवारी आहे. तत्पूर्वी इंग्रजीत जो शब्द होता, त्याचा अर्थही ‘डोळ्याचे भोक’ असाच होता, हे मला अधिक लक्षणीय वाटते. उलट स्वीडिश आणि जर्मन यांनी लॅटिन ‘फेनेस्त्रा’ स्वीकारला.

तिसरे उत्तर :
आपल्याकडील ‘वातायन’मध्ये वारा आहे आणि ‘गवाक्ष’मध्ये डोळा, तोही बैलाचा. ‘वात’ आणि ‘विंदर’ यांचे मूळ एकच इंडो-युरोपीय धातू आहे; ‘अक्षि’ आणि ‘आउगा’ यांचेही नाते मानले जाते, जरी जर्मानिक शाखेतील स्वर नियमात नीट बसत नाही. मात्र एवढ्यावरून ‘वाऱ्याचा डोळा’ ही कल्पना दोन्हीकडे एकाच पूर्वजाकडून आली, असे म्हणता येणार नाही. धातू समान असले तरी समास स्वतंत्रपणे घडले आहेत. रशियनमध्येही खिडकीचा शब्द डोळ्याच्या शब्दावरूनच साधलेला आहे, पण त्यात वारा नाही.