काळू धबधबा थितबीकडून: दुसरा ओढा कसा ओलांडता?

डोंगरवेडा_८८
मंडळी, मागच्या रविवारी आम्ही चौघं काळूला गेलो होतो. कल्याणहून आळेफाट्याची एसटी पकडली, माळशेज घाट चढायच्या आधी थितबीसाठी उतरलो आणि गावातून नदीच्या कडेने वर निघालो. पहिला ओढा ओलांडताना पाणी पोटरीपर्यंत होतं, काही वाटलं नाही, पण दुसऱ्या ओढ्यात मांडीला लागलं आणि मित्राचा पाय दगडावरून सटकला, मी त्याची सॅक धरली म्हणून थांबला. धबधबा समोर दिसत होता हो! आणि आम्ही माघारी फिरलो. तेव्हापासून नुसती रुखरुख लागलीय. पाऊस पण नव्हता, मग एवढं पाणी कुठून? पुढच्या वेळी रोप कमरेला बांधून जावं का?

सह्यभ्रमंती
फिरलात ते फार चांगलं केलंत दादा, खरंच. खाली ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर खिरेश्वर गावाच्या बाजूला पाऊस धो धो चालू असतो आणि ते पाणी थोड्या वेळाने तुमच्या पायाशी येतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पाला काटक्या वाहत यायला लागल्या की कुठे आहात ते न बघता कडेला व्हायचं. आणि रोप कमरेला अजिबात बांधू नका, पाय सुटला तर प्रवाह माणसाला रोपसकट खाली दाबतो, वर येताच येत नाही. मांडीच्या वर पाणी असेल तर विषय संपला, परत.

रानवाट_ताई
खिरेश्वरकडून वरच्या अंगाला जाता येतं पण तिथून पूर्ण धबधबा दिसत नाही, नुसती उडी दिसते, आणि कड्याच्या कातळावर हे एवढं शेवाळ. पोरं फोटोसाठी टोकाला जातात ते बघून पोटात गोळा येतो. पावसात कधी बंदीचा आदेश पण असतो, निघायच्या आधी टोकावड्याला पोलीस स्टेशनात फोन करून विचारा.
मी तर सप्टेंबरच्या शेवटी जाते. पाणी नितळ, तळाचे गोटे दिसतात, पाय कुठे टाकायचा ते कळतं, उतारावर सोनकी फुललेली, आणि धबधब्याला धार तरीही मस्त.

डोंगरवेडा_८८
आभारी आहे दोघांचा. कमरेला रोप बांधायचाच विचार होता, बरं झालं विचारलं. सप्टेंबरचा शेवटचा रविवार धरतो. ताई, थितबीतून कोणी वाटाड्या येतो का सोबत?

रानवाट_ताई
येतात ना, सकाळी लवकर पोचा आणि गावात विचारा. पैसे आधी ठरवा आणि दुपारी दोनला जिथे असाल तिथून परत फिरा.