सर, देशाची तिजोरी कुठं असते? (आठवीच्या वर्गात अर्थखातं शिकवावं कसं)

काळीमाती:

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात केंद्राची खाती चालू होती. संरक्षण झालं, परराष्ट्र झालं, अर्थखात्यावर आलो आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, देशाची तिजोरी कुठं असते? दिल्लीत का मुंबईत?" वर्ग हसला, मीही हसलो. मग लक्षात आलं, सांगता मलाही येत नाही. 'उत्पन्न-खर्चाचा मेळ घालणारं खातं' हे घोटलेलं वाक्य ठोकून दिलं आणि तास संपला.

घरी येऊन शोधलं. उत्तर निघालं नागपूर! केंद्राची आणि राज्यांचीही मुख्य खाती रिझर्व्ह बँकेच्या नागपूरच्या केंद्रीय लेखा विभागात असतात. ढीग नाही, कुलूप नाही, नुसते आकडे.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं. आहेरासाठी जपलेली एक रुपयाची कोरी नोट आणि एक दहाची, दोन्ही पोरांच्या हातात दिल्या. म्हटलं, फरक शोधा. पाच मिनिटांत एका मुलीनं पकडलं: दहाच्या नोटेवर 'अदा करने का वचन' आहे, एकच्या नोटेवर नाही. वरती 'भारत सरकार' लिहिलंय, सही गव्हर्नरची नसून वित्त सचिवांची. कारण एकची नोट कायद्यानं नाण्यात मोजतात, आणि नाणी काढतं सरकार. बाकीच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या. अर्थखातं आणि रिझर्व्ह बँक ही दोन वेगळी घरं आहेत, हे माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणा पोराला कळलं असेल.

माझं म्हणणं सरळ आहे. वित्त मंत्रालयात सहा विभाग, त्यांची नावं पाठ करा, हा प्रकार बंद करावा. नोट, पाच रुपयांच्या बिस्कीटपुड्यावरचा कर आणि सोयाबीनचा भाव, एवढ्यावर अख्खं खातं शिकवता येतं. जमलं तर तालुक्याच्या कोषागारात एक चक्कर. पटत नसेल त्यांनी बोलावं.

एमपीएससी_पुन्हा_एकदा:

सर, राग मानू नका. छत्रपती संभाजीनगरला अभ्यासिकेत बसून मला सहावं वर्ष आहे. पेपरात बिस्कीट विचारत नाहीत, राज्यघटनेचं कलम विचारतात. ११२ अर्थसंकल्प, २६६ एकत्रित निधी, २६७ आकस्मिकता निधी, २८० वित्त आयोग. मला शाळेत कुणी हे घोटून घेतलं असतं तर आज पहिल्या वर्षाच्या पोरांसोबत बसून पुन्हा तेच वाचावं लागलं नसतं. शहरातल्या पोरांना क्लासवाले यादी देतात. आपल्या पोरांना तुम्ही गोष्टी सांगणार, आणि मग 'मराठवाडा मागं का' म्हणून आपणच गळा काढणार.

आणि हो, यादी म्हणजे पाप नाही. पाढेसुद्धा यादीच आहेत.

काळीमाती:

पाढे वापरले जातात म्हणून टिकतात. तुझे सहा विभाग सांग बरं, न बघता.

एमपीएससी_पुन्हा_एकदा:

आर्थिक व्यवहार, व्यय, महसूल, वित्तीय सेवा, गुंतवणूक व सार्वजनिक मालमत्ता व्यवस्थापन, आणि २०२१ पासून सार्वजनिक उपक्रम. झालं?

काळीमाती:

झालं. आता सांग, सोयाबीनचा भाव यातल्या कुठल्या विभागाच्या कागदानं हलतो?

मोंढ्यावरचा_पोत्या:

ते मी सांगतो की ओ. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या तेलावरचं, म्हंजी खायच्या तेलावरचं, मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. बाहेरचं तेल महागलं, तसा मोंढ्यात, म्हंजी धान्याच्या बाजारात, जरा जीव आला. मग ३० मे २०२५ ला परत १० वर आणलं, ऐन पेरणीच्या तोंडावर. कापसाचं तर विचारूच नका. ११ टक्के शुल्क होतं ते १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ. आधी म्हणले सप्टेंबरअखेर, मग म्हणले डिसेंबरअखेर. परभणी-जालन्याचा कापूस घरात यायचा टाइम तोच. ही सगळी पत्रकं अर्थखात्याची, महसूल विभागाची. हमीभाव बी तेच ठरवतेत ना?

माझं म्हणणं, सर बरोबर करायलेत. लेकरायला कळू द्या की, बापाचं पोतं दिल्लीतल्या एका पानानं हलकं होतं म्हणून.

एमपीएससी_पुन्हा_एकदा:

हमीभाव नाही. तो कृषी मूल्य आयोग सुचवतो आणि मंत्रिमंडळ ठरवतं. बघा, यादी पाठ नसली की असं होतं.

मोंढ्यावरचा_पोत्या:

बरं बाबा, चुकलं. पण हमीभाव कागदावर आन् शुल्क मोंढ्यात, हे मला यादीनं नाही शिकवलं.

गोदाकाठची_बाई:

मीही शिक्षिका, नांदेडकडची. सरांची नोट आवडली, उद्याच वापरणार आहे. पण सोयाबीनला माझा सक्त विरोध. माझ्या वर्गात निम्मी लेकरं शेतकऱ्यांची, निम्मी मजुरांची आणि छोट्या दुकानदारांची. शुल्क वाढलं की एकाच्या बापाला दोन पैसे मिळतात आणि शेजारी बसलेल्याच्या आईचा तेलाचा पुडा महाग होतो. तुम्ही शिकवणार 'दिल्लीनं भाव पाडला'. हे नागरिकशास्त्र झालं की मोंढ्यावरचं भाषण? उद्या दोन पालक दारात येतील आणि दोघंही बरोबर असतील.

मागे आमच्या इकडं एका शिक्षकानं वर्गात कर्जमाफी काढली होती. नंतर महिनाभर बिचारा खुलासे देत होता. कुठल्या शाळेत ते विचारू नका.

काळीमाती:

बाई, दोन पालक आले आणि दोघंही बरोबर निघाले, तर यापेक्षा चांगला धडा कोणता? अर्थखातं करतं काय? हेच करतं. कुणाच्या ताटातून काढायचं, कुणाच्या वाढायचं. तेलाचा पुडा मीही वर्गात नेईन, पोत्याशेजारी ठेवीन. पण वर्गात त्याचं नावच काढायचं नाही, हे पटत नाही.

गोदाकाठची_बाई:

ठेवा. पण मग पुड्याची बाजू मांडायला मजुराच्या घरची मुलगी उभी राहील का, ते आधी बघा. आमच्याकडं राहत नाही. पोतंवाल्यांचा आवाज मोठा असतो, वर्गातही.

ट्रेझरीवाला_आता_घरी:

जिल्हा कोषागारात एकतीस वर्षं काढली, म्हणून तोंड घालतो. गुरुजी, आमच्याकडं सहल आणू नका. एक तर तालुक्याचं उपकोषागार राज्याचं, दिल्लीच्या अर्थखात्याचा तिथं संबंध नाही. तुम्ही केंद्र शिकवताय आणि पोरं बघणार राज्य. नागपुरातली खातीसुद्धा वेगवेगळी असतात, विसरू नका. दुसरं, बघायला आहे काय? पेन्शनवाले म्हातारे हयातीचा दाखला घेऊन बसलेले, आणि एक बाबू बिलावर आक्षेप काढतोय. पोरं घरी जाऊन सांगतील, देशाची तिजोरी म्हणजे रांग.

तरीही एक गोष्ट माझ्या टेबलावरून गेली ती सांगतो, कारण ती पुस्तकात अशी येत नाही. एक कार्यालय होतं, नाव नको. मार्चच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांचं बिल आलं. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या कामाच्या नावावर टाकायचा ते, चुकलेलं. काम झालेलं, ठेकेदाराची माणसं बाहेर उभी, साहेबाचा फोन, "तेवढं करून टाका ना." बिल परत केलं. दुरुस्त होऊन येईपर्यंत वर्ष संपलं आणि त्या लेखाशीर्षाखालची मंजुरीही संपली. शिव्या खाल्ल्या. पण विधानमंडळानं अमुक कामाला अमुक रुपये म्हटलं, तर ते त्याच कामाला आणि त्याच वर्षात. पैसा खात्यात पडून असला तरी कायद्याशिवाय एक दमडी निघत नाही. केंद्राचंही हेच, संसद मंजूर करेल तेव्हाच. तुमच्या मागच्या बाकाला हे सांगा, की तिजोरीला कुलूप आहे आणि त्याची किल्ली अर्थमंत्र्याच्या खिशात नाही.

हे शिकवल्याशिवाय बिस्कीट शिकवलंत तर पोरांना वाटेल, सरकार म्हणजे फक्त कापून घेणारा माणूस.

मोंढ्यावरचा_पोत्या:

मग ठेकेदाराचं काय झालं?

ट्रेझरीवाला_आता_घरी:

पुढच्या वर्षी नवी तरतूद, नवं बिल. त्यानं त्यावरचं व्याज कुणाकडून घेतलं ते त्यालाच ठाऊक.

हाली_सिक्का:

पोरांनो, वय ऐंशीकडं झुकलंय, लांबलं तर समजून घ्या. तुम्ही दिल्ली-नागपूर करताय. आमच्या बापजाद्यांची तिजोरी हैदराबादेत होती. निजामाचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का, रुपयावर चारमिनार. इंग्रजांचा तो कलदार. सहा कलदाराला सात हाली, असा साधारण हिशेब. आमचा आजा सोलापूरच्या बाजारात बैल घ्यायचा आणि बट्ट्यात किती गेलं ते घरी येऊन बायकोला सांगायचा. भाव ठरवताना माणूस आधी विचारायचा, "हाली का कलदार?" १९४८ ला संस्थान गेलं, पण हाली लगेच गेला नाही, १९५९ पर्यंत चालला. लहानपणी आम्ही दोन्ही हाताळलेत.

आणि हे पोत्या म्हणतोय ते आयात शुल्क, ते आमच्याकडं गावाच्या वेशीबाहेर होतं म्हणा ना. करोडगिरी. संस्थानात माल यायचा-जायचा तर नाक्यावर मोजून द्यायचं. मुक्तिसंग्रामात पोरांनी ते नाके जाळले. पोलीस ठाण्याचं समजू शकतं, पण जकातीचा नाका का जाळला असेल, हे विचारा की वर्गात. राज्य कुणाचं ते कर कोण घेतो त्यावरून कळतं, म्हणून.

मी तर म्हणतो दौलताबादेपासून सुरू करा. महंमद तुघलकानं तांब्या-पितळेची नाणी काढली आणि चांदीच्या नाण्याच्या मोलानं चालवा म्हणाला. लोकांनी घरोघर टांकसाळी घातल्या. शेवटी खोटी-खरी सगळी परत घेऊन बदल्यात सोनं-चांदी द्यायची पाळी खजिन्यावर आली.

एमपीएससी_पुन्हा_एकदा:

आजोबा, गोष्ट एक नंबर. पण आठवीच्या पोरानं तुघलक, निजाम, करोडगिरी हे सगळं करून जीएसटीला पोचायचं कधी? वर्षाला तास किती मिळतात ते सरांना विचारा.

काळीमाती:

आजोबांचं एक मी आजच वापरलं, तास न वाढवता. पोरांना सांगितलं, खिशातली नाणी काढा आणि सालाखाली बघा. हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता, चांदणी असेल तर हैदराबाद. हैदराबादची टांकसाळ निजामाच्या काळापासूनची. बावीस नाण्यांत सात चांदण्या निघाल्या. एक पोरगा म्हणाला, "म्हणजे आमच्या पणज्याच्या काळातल्या कारखान्यातलं हाये हे." मी म्हटलं, हो, मालक बदलला.

बिस्किटाचंही सांगतो, ट्रेझरीवाल्या काकांनी टोचलं म्हणून. पाच रुपयांच्या पुड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, त्याआधी १८ होता. पोरांनी त्रैराशिक मांडलं: पुड्यात आता साधारण २४ पैसे कर, पूर्वी ७६ पैसे. २४ मधले १२ राज्याला, १२ केंद्राला. केंद्राच्या वाट्यातले ४१ टक्के, म्हणजे जवळपास ५ पैसे, पुन्हा सगळ्या राज्यांत वाटायला निघतात. हे केंद्र-राज्यांचं वाटप सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाचं गणित, २०२१ ते २०२६. त्या वाटपात महाराष्ट्राला शंभरातले ६.३१७ आणि उत्तर प्रदेशाला १७.९३९ होते. वर्ग पेटला. "आपण जास्त भरतो तर आपल्याला कमी का?"

मी त्यांनाच विचारलं, तुमच्या घरी कमावता भाऊ आणि शिकणारी बहीण, ताटात भाकरी कमाईप्रमाणं वाढतात का? एक जण म्हणाला, "आमच्यात तसंच वाढतेत सर." तास तिथंच संपला.

गोदाकाठची_बाई:

हा तास मला आवडला असता. आता पुढचं पाऊल टाका. मुंबईकर हेच मराठवाड्याबद्दल म्हणतात, 'आम्ही भरतो, तुम्ही खाता.' विकासाचा अनुशेष मोजायला १९८३ साली दांडेकर समिती नेमावी लागली, १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली आणि एप्रिल २०२० ला मुदत संपली. उत्तर प्रदेशावर चिडणाऱ्या पोरांना आरशात हे दाखवाल का?

मोंढ्यावरचा_पोत्या:

बाई, तुम्हीच म्हणला होता वर्गात राजकारण नको.

गोदाकाठची_बाई:

म्हटलं होतं. हे सोयाबीनपेक्षा थंड आहे, म्हणून म्हणते.

एमपीएससी_पुन्हा_एकदा:

माझा शेवटचा मुद्दा. तुम्ही सगळे कर आणि वाटपच बोलताय, कर्ज कुणी काढलंच नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रुपयातले २४ पैसे कर्जातून येतात आणि २० पैसे व्याजात जातात. हे मी नकाशासारखं पाठ केलंय, पण खरं सांगतो, वडिलांना समजावता येईना. ते म्हणाले, "म्हणजे देश बुडाला की रे, आपल्यासारखा." मी गप्प.

ट्रेझरीवाला_आता_घरी:

वडिलांना सांग, तुमच्यासारखा नाही. तुमचा सावकार बाहेरचा. सरकार बहुतेक कर्ज घरातल्यांकडूनच घेतं: बँका, विमा, भविष्यनिर्वाह निधी. म्हणजे तुमच्याच ठेवीतून. उसनवारी आहेच, व्याजही खरंच आहे, दुसऱ्या कशाला गेलं असतं तेही खरं. पण साठीला हातपाय थकतात म्हणून कुणी सरकारला उधार नाकारत नाही. कर त्याला उद्याही गोळा करता येतो.

काळीमाती:

काका, हेच वर्गात येऊन सांगता का? कोषागाराची सहल रद्द, कोषागारच शाळेत येऊ द्या. शनिवारी सकाळची शाळा असते.

ट्रेझरीवाला_आता_घरी:

येतो. चुका असलेल्या बिलाचा नमुना आणतो, त्या पोरांना शोधू दे. पण यादीचा पोरगाही आला पाहिजे, कलमं मला आठवत नाहीत.

एमपीएससी_पुन्हा_एकदा:

येईन, पण सहा विभाग फळ्यावर लिहिणार. पुसायचे नाहीत.