'देवाची करणी' चालेल का?

ओसरी
आमच्या चर्चच्या मंडळीत लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत रोज एक पान वाचायची पुस्तिका निघते. इंग्रजीवरून मराठी करायचं काम यंदा माझ्या गळ्यात आलंय. एका पानाचा विषय असा, की रोजच्या धबडग्यात देव काय करतोय ते ओळखायचं आणि विश्वासाची बाजू घ्यायची. मी शीर्षक दिलं, 'देवाची करणी ओळखा, विश्वास निवडा'. वाचून दाखवल्याबरोबर एक आजी कडाडल्या, "करणी? देव काय लिंबू-टाचण्या घेऊन बसलाय?" सगळे हसले, पाळकसाहेबसुद्धा. आता 'करणी'ला दुसरा शब्द सुचवा. 'निवडा'बद्दल माझ्याही मनात शंका आहे.

गवंड्याचा नातू
आजींना म्हणावं, 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणताना कुणाला लिंबू आठवत नाही. करणी म्हणजे केलेलं काम. आमचे आजोबा गिलाव्याच्या थापीलाही करणीच म्हणायचे. रोज थोडं थोडं लिंपणारा देव, तुमच्या पुस्तिकेला याहून काय हवं?

पायरीवरची
म्हणीत चालतं, कारण पुढे 'देवाची' आहे आणि मागे नारळ. एकटी 'करणी' आली की संपलं. आईने बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावात दोन वर्षं हेच ऐकलं, 'हिच्यावर कुणीतरी करणी केली'. तिच्या हातात ही पुस्तिका पडली तर ती शीर्षकाच्या पुढे जाणार नाही. थापीचा अर्थ छान आहे, पण तो तुमच्या आजोबांपाशी.

मोगरा५२
'कृत्ये' लिहा ना. बायबलातल्या स्तोत्रांमध्ये 'अद्भुत कृत्ये' आहेच.

ओसरी
आहे, पण 'कृत्य' आता पेपरातच राहतं. गैरकृत्य, दुष्कृत्य, 'हे कृत्य कुणाचे, पोलीस तपास करीत आहेत'.

मोगरा५२
मग 'कार्य'!

गवंड्याचा नातू
'आमच्याकडे कार्य आहे' म्हटलं की लोक विचारतात, मुलाचं की मुलीचं. 'देवकार्य' लग्नाआधीचं, 'दिवसकार्य' माणूस गेल्यावरचं. देवासाठी मराठीत एक शब्द मोकळा राहिलेला नाही :)

शुद्धमती
गंमत पुरे. शब्द संस्कृतातून आला की अर्थ आपोआप स्वच्छ राहतो. 'विश्वास'च घ्या. विश्व + आस, म्हणजे साऱ्या विश्वाची आस ज्यात आहे तो. इतका भव्य शब्द सोडून हल्लीची मुलं चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहतात आणि म्हणतात, 'प्रेयर केली, ब्लेसिंग भेटलं'. 'भेटलं'! ब्लेसिंग काय एस्टी स्टँडवर उभं होतं?

वसईकर पाहुणा
विश्व आणि आस यांचा इथे काही संबंध नाही. वि + श्वस्, धातू श्वासाचा. निर्धास्तपणे श्वास सोडणं, हा मूळचा भाव. 'श्रद्धा' त्याहून जुनी, श्रत् + धा. लॅटिनमधलं 'क्रेदो' (मी विश्वास ठेवतो) तिचंच भावंड. आमच्याकडे चर्चमध्ये श्रद्धाच जास्त कानावर येते, नगरकडच्या मंडळींकडे गेलो की विश्वास. माझ्या सासुरवाडीत मी 'श्रद्धा' म्हटलं की कुणीतरी हळूच 'अंध' जोडतं.

शुद्धमती
माझ्या गुरुजींनी विश्व + आसच शिकवलं होतं. असो.

मांडवीपार
गोव्यातून सांगते. आमच्या कोंकणीत विश्वासाला 'भावार्थ' म्हणतात. पुण्यात शिकायला आले तेव्हा मैत्रिणीला म्हटलं, तुझा भावार्थ घट आहे. ती म्हणाली, कुठल्या कवितेचा? फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये ख्रिस्तपुराण हे मराठी ओव्यांतलं काव्य छापलं तेव्हा स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलं. इंग्लंडहून आलेल्या माणसाला जमलं, आपल्याला एका करणीची भीती! आणि देवाचं काम ओळखायचंच असेल तर आम्ही कुणी चहा दिला तरी 'देव बरें करूं' म्हणतो. आभाराला वेगळा शब्द लागतच नाही.

मोगरा५२
वैकुंठ पुराणात शोभतं, पत्रकात नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्या बाईला कळावं म्हणून. छापून आलं 1924 साली, त्या गेल्यावर. त्यांची फूटपट्टी लावा, कठीण आणि संशयाचे दोन्ही शब्द गळतील.

मांडवीपार
आणि उरेल काय?

पायरीवरची
'निवडा'कडे कुणी बघतच नाहीये. विश्वास *निवडत* नाहीत, तांदूळ निवडतात. मराठीत विश्वास बसतो, ठेवतात आणि धरतात. 'बसला' म्हणजे आपोआप, माझं त्यात काही नाही. 'ठेवला' म्हणजे मी ठेवला, बसत नव्हता तरी. वडील आयसीयूत होते तेव्हा माझा कशावरच बसत नव्हता. रात्री दोनला बाकड्यावर बसून नुसता ठेवला. सकाळी वडील तसेच होते, काही बदललं नव्हतं. बायबलात मार्कच्या नवव्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात सांगतो की विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालव. त्याचाही बसलेला नव्हता, ठेवलेला होता. इंग्रजीला निवडीसाठी वेगळं क्रियापद लागतं, आपल्या 'ठेवा'त ती आहेच.

वसईकर पाहुणा
हे पटलं. पण 'विश्वास ठेवा' इतकं झिजलंय, की रिक्षाच्या मागेही असतं. वाचणाऱ्याला तुमची रात्र दिसणार नाही.

शुद्धमती
म्हणून 'श्रद्धेचा स्वीकार करा' म्हणावं.

पायरीवरची
स्वीकार अर्जाचा करतात.

वसईकर पाहुणा
बायबलात योहान 6:29 बघा. लोक विचारतात, देवाची कामं आम्ही कशी करायची? येशू म्हणतो, ज्याला त्याने पाठवलं त्याच्यावर विश्वास ठेवा, हेच देवाचं काम. ओसरी, तुमच्या शीर्षकातल्या दोन गोष्टी तिथे एकच आहेत. मग दोन क्रियापदं हवीत कशाला?

ओसरी
म्हणजे आता शीर्षकच अर्धं करू? छापखान्यात परवा द्यायचंय. आजींना फोन करून 'देवाचं काम' चालेल का विचारलं. म्हणाल्या, "चालेल, पण आमच्या वेळी देवाची करणीच म्हणायचे."

गवंड्याचा नातू
बघा!

मांडवीपार
कुणी सांगेल का, थापी आणि करणी एकच की वेगळी? आमच्याकडे सध्या गिलाव्याचं काम चालू आहे आणि मिस्त्री दोन्ही मागतो.