जुनी पीएमडी फाईल उघडंना, आत तालमीची अख्खी स्मरणिका आहे

तालीमकर
नमस्कार मंडळी. आमच्या तालमीनं २००३ साली स्मरणिका काढलेली, त्यात कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लढलेल्या जुन्या पैलवानांनी स्वतः सांगितलेल्या आठवणी छापल्यात आणि त्यातली बरीच माणसं आता राहिली नाहीत. शिल्लक प्रती शाहूपुरीत एका सभासदाच्या घरी बांधून ठेवलेल्या, त्या २०१९ च्या महापुरात गेल्या, पानाला पान चिकटून लगदा झाला सगळा. जिथं छापली ती प्रेस कधीच बंद पडली पण मालकांच्या मुलानं कपाट उचकून एक सीडी काढून दिली, त्यात फायली आहेत आणि नावाच्या शेवटी डॉट पीएमडी. डबल क्लिक केलं की विंडोज विचारतंय कशात उघडू, वर्डला दिली तर नुसते चौकोन आणि कायबाय चिन्हं. नेटवर पीएमडी शोधावं तर जपानी थ्रीडी बाहुल्या यायला लागल्यात, त्याचा हिच्याशी काय संबंध तेच कळंना. एकजण म्हणतोय नाव बदलून डॉट पीडीएफ कर, उघडंल. करू का? आत्ताच्या पोरांना हे वाचायला मिळायलाच पाहिजे, म्हणून विचारालोय. कुणाला माहीत असलं तर सांगा की.

उद्यमनगरी
भावा, नाव अजिबात बदलू नको, त्यानं फाईल आहे तशीच राहते, फक्त ती कशाची आहे ही खूण तेवढी पुसली जाते. आणि आधी सीडीवरचं सगळं फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करून घे, जे काय करायचं ते कॉपीवर. सीडी अडकत असली तर मऊ कापडानं मधनं कडेकडं सरळ पूस, गोल गोल नको, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी ड्राईव्हमध्ये टाकून बघ, एकात न वाचलेली दुसऱ्यात वाचली जाते बऱ्याचदा.

आता पीएमडीचं. हे शेपूट निदान तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमचं आहे. एक पेजमेकर ७, म्हणजे छपाईची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर, दुसरा प्लॅनमेकर म्हणून एक्सेलसारखा प्रोग्रॅम, तिसरा मिकूमिकूडान्स, तुला दिसल्या त्या बाहुल्या तिकडच्या. तुझी प्रेसमधली म्हणजे पेजमेकरच असणार, पण खात्री करून घे. एचएक्सडी म्हणून फुकट हेक्स एडिटर, म्हणजे फाईलच्या आतले कच्चे आकडे आणि अक्षरं दाखवणारा प्रोग्रॅम मिळतो, त्यात फाईल उघड आणि सुरुवात बघ. पहिलीच तीन अक्षरं इंग्रजीत पीएमडी असतील तर ती बाहुलीची. डी० सीएफ ११ ई० असं दिसलं तर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साच्यातली फाईल, जुन्या वर्ड एक्सेलच्या फायली पण अशाच सुरू होतात, म्हणून तिथं थांबू नको, खाली सरकत जा, पेजमेकर हा शब्द प्रत्येक अक्षरामागं एक टिंब पडून आलेला दिसला की झालं पक्कं. आणि सुरुवातीला पीके असेल तर ती झिप आहे, टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ असेल तर खरोखरच पीडीएफ. कुठलीही अनोळखी फाईल आली तर हे आधी बघायचं, नावावर जायचं नाही.

पीएमडी ओपनर फ्री डाउनलोड असली जी साईट येईल तिथनं काही घेऊ नको हां, नको ते मशीनमध्ये शिरतंय.

अक्षरजुळणी
तालीमकर दादा, मी राजारामपुरीत बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम केलंय, त्यामुळं हे वाचून राहवेना. त्या काळात आपल्याकडं स्मरणिका, लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, सगळं पेजमेकरमध्येच लागायचं, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायची आणि छपाईची प्लेट करायला द्यायची. पेजमेकर १९८५ ला आल्डस कंपनीनं आणला, १९९४ ला तो अडोबीकडं गेला आणि ७ हे शेवटचं मोठं व्हर्जन २००१ चं. साडेसहा व्हर्जनच्या फायलीला पी६५ लागतं, सातला पीएमडी. म्हणजे तुमचं साल बरोबर जुळतंय.

उघडायचे मार्ग सांगते. फुकटातला म्हणजे लिबरऑफिस टाका, त्यातलं ड्रॉ पेजमेकरची फाईल घेतं. मांडणी थोडी हलेल, ओळी इकडच्या तिकडं होतील, पण मॅटर हाताला लागतं. दुसरा, इनडिझाईन म्हणजे अडोबीचंच पेजमेकरनंतरचं सॉफ्टवेअर, त्याचं सीएस६ किंवा त्याच्या आधीचं ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडनं उघडून घ्या, पुढं सीसी व्हर्जन आलं त्यात ही सोय काढून टाकली म्हणून नवीन इनडिझाईनवाला उघडतच नाही म्हणाला तर फाईल खराब आहे असं समजू नका. तिसरा आणि सगळ्यात चांगला म्हणजे जिथं पेजमेकर अजून चालू आहे असं जुनं मशीन. लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत जुन्या प्रेसमध्ये चौकशी करा, एखाद्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचं मशीन झाकून ठेवलेलं असतं.

आणि सीडीत टीटीएफ नावाच्या फायली आहेत का बघा, ते फॉन्ट. ते असले तर निम्मं काम झालं.

तालीमकर
ताई, उद्यमनगरी भाऊ, लई उपकार झाले. टिंबं टिंबं पडलेलं पेजमेकर दिसलं, मग लिबरऑफिस टाकलं आणि उघडली की! पानाची चौकट, दोन कॉलम, वरच्या पट्ट्या, सगळं आहे तसं आहे. पण अक्षरं मराठी नाहीत, सगळी इंग्रजी, मधी मधी कंस आणि डॉलर आणि अंडरस्कोअर. फाईल खराब झालीय का? टीटीएफ एकपण नाही सीडीत. फोटोच्या जागी कुठं रिकामा चौकोन, कुठं धुरकट चित्र.

अक्षरजुळणी
खराब नाही, अगदी ठणठणीत आहे. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असलेले, नव्हते, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असायचे, तो फॉन्ट मशीनमध्ये नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आता फॉन्ट कुठला ते ओळखायचं. तुमच्या स्मरणिकेत पहिल्या पानावर राजर्षी शाहू महाराजांचा फोटो आणि नाव असणारच, त्या ओळीतला महाराज शब्द बघा. अंडरस्कोअर, एच, एम, ए, एम अशी सुरुवात असेल तर श्री-लिपी. ई, जी, के, जे, के असेल तर कृतिदेव. दोन्ही नसेल तर आकृती किंवा सीडॅकचा आयएसएम असू शकतो, मग ती ओळ इथं टाका, बघून सांगते. फॉन्टचं नाव ड्रॉमध्ये वर फॉन्टच्या खणात पण दिसतं, फॉन्ट मशीनमध्ये नसला तरी.

तालीमकर
अंडरस्कोअर एच एम ए एम! जसंच्या तसं!

अक्षरजुळणी
मग श्री-लिपी. प्रेसवाल्यांच्या मुलाला विचारा जुना कॉम्प्युटर किंवा श्री-लिपीची मूळ सीडी आहे का, फॉन्ट तिथं मिळतील. मिळाले की आधी तोच फॉन्ट लावून पीडीएफ काढा, म्हणजे मूळ पान कसं होतं ते कायमचं राहील. मग मॅटर कॉपी करून श्री-लिपी ते युनिकोड कन्व्हर्टरमधनं काढा, पण कन्व्हर्टरच्या यादीत तुमच्याच फॉन्टचं नाव निवडा कारण श्री-लिपीत पण वेगवेगळ्या मांडण्या आहेत.

कन्व्हर्ट झालं की काम संपलं असं मात्र समजू नका दादा, हे मी कळकळीनं सांगते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलटं. कन्व्हर्टर तिथंच चुकतो. राजर्षी नीट आलंय का बघा, कुस्ती, शिष्य, वस्ताद, गर्दी असे शब्द बघा. पैलवानांची आणि गावांची नावं तर एकेक अक्षर लावून वाचा, आणि शक्यतो तालमीतल्या जुन्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून वाचा, एखाद्या वस्तादांच्या गावाचं नाव चुकीचं पडलं तर पुढं सगळीकडं तेच चालू राहतं. प्रूफ वाचायला मी मदत करते, पैसे नकोत, पानं पाठवा.

उद्यमनगरी
फोटोचं सांगतो. पेजमेकरमध्ये मोठे फोटो बऱ्याचदा फाईलच्या आत नसायचेत, बाहेर टिफ म्हणून वेगळे ठेवायचेत आणि आत नुसता पत्ता. तुला धुरकट दिसतंय ते फक्त नमुना आहे. सीडीत टिफ शोध, त्या मुलाकडं दुसरी सीडी असली तर ती पण बघ.

तालीमकर
टिफ बऱ्याच मिळाल्या, पण आखाड्याच्या उद्घाटनाचा आणि जुन्या वस्तादांचा, हे दोन फोटो कुठंच नाहीत. फॉन्टसाठी उद्या प्रेसवाल्यांकडं जाणार आहे.

अक्षरजुळणी
जाताय तर फिल्मच्या पाकिटांचं पण विचारा. प्लेट करायला फोटोची पारदर्शक फिल्म काढून ती जपून ठेवायची पद्धत होती, जॉबचं नाव पाकिटावर लिहिलेलं असतं. मिळाली तर मागनं उजेड पडेल अशा स्कॅनरवर स्कॅन करून घ्या, साध्या स्कॅनरवर काळी येईल. ठिपके दिसतील थोडे, पण चेहरे ओळखू येतात.