मदत हवी आहे: होळीपूर्वीच्या रविवारी दोन लहान मुलांना घेऊन वडोद्याजवळ कुठे जावे?

नमस्कार. आम्ही वडोद्यात दांडिया बाजाराजवळ राहतो. घरात साडेचार वर्षांची मुलगी, पावणेदोन वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखत असूनही प्रत्येक सहलीला बरोबर येणाऱ्या सासूबाई आहेत. वसंत पंचमी ते होळी हे जेमतेम चाळीस दिवस आमच्या हातात असतात. त्यानंतर सकाळी दहालाच ऊन असे चढते की मुलांना उघड्यावर नेण्यात अर्थ राहत नाही. उरलेल्या रविवारी अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल, अशा जागांबद्दल अनुभवी पालकांचा सल्ला हवा आहे.

कमाटीबाग कृपया सुचवू नये. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ती बाग केली नसती तर आमचे कसे झाले असते कोण जाणे, पण आम्ही तिथे दर आठवड्याला जातो. संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा मुलीला पाठ आहे आणि विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर ती माझ्याआधी शोधते.

गेल्या रविवारी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गेलो होतो. गायकवाडांच्या काळी शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस मुलांना दाखवावेत म्हणून पहाटे निघायचे ठरवले होते, प्रत्यक्षात घराबाहेर पडायला साडेआठ वाजले. बाबागाडीची पुढची चाके बांधावरच्या मऊ मातीत रुतली. शेवटी मुलगा नवऱ्याच्या कडेवर आणि रिकामी गाडी माझ्या हातात, अशी आमची वरात निघाली. पट्टकादंब दूरवर ठिपक्यांसारखे दिसले. मात्र काठाजवळ पोहणाऱ्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पक्ष्याला मराठीत ‘वारकरी’ म्हणतात, हे शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी सांगितले, तेव्हापासून मुलगी प्रत्येक पक्ष्याला हात जोडून ‘रामकृष्ण हरी’ म्हणत होती. सासूबाईंचे गुडघे त्या दिवशी दुखल्याचे ऐकिवात नाही.

त्यामुळे पुन्हा जायचे आहेच, पण आता पक्षी परतू लागण्यापूर्वी किती घाई करावी आणि इतक्या लहान मुलांना घेऊन नेमके किती वाजता पोहोचावे? दुसरे असे की, चांपानेरला जायचे झाल्यास कालिकामातेच्या मंदिराचा पावागढ डोंगरही त्याच दिवशी करावा, असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. तो व्यवहार्य आहे का? शिवाय केसुडा, म्हणजे पळस, फुललेला मुलांना झाडावर पाहायला मिळावा, अशी फार इच्छा आहे. जांबुघोड्याच्या अभयारण्यापर्यंतचा प्रवास पावणेदोन वर्षांच्या मुलाला झेपेल का?

प्रतिसाद १

ताई, बाबागाडी घरीच ठेवा आणि मुलाला पाठीवर बांधायची झोळी घ्या. वढवाण्याला सूर्योदयाच्या सुमारास पोहोचलात तर सगळे जमते. नऊनंतर बांधावर सावली शोधत फिरावे लागते आणि उन्हाच्या झळांमुळे दुर्बिणीतूनही पक्षी नीट दिसत नाहीत. मार्चमध्ये त्यांची संख्या झपाट्याने घटते, तेव्हा हा बेत सर्वांत आधी उरका.

पावागढ आणि चांपानेर एका दिवसात करू नका. रोपवेने गेलात तरी मंदिरापर्यंत पुष्कळ पायऱ्या उरतात, आणि रविवारच्या गर्दीत दोन मुले व दुखरे गुडघे घेऊन त्या चढणे म्हणजे नवस फेडण्यासारखेच आहे. खाली चांपानेरची जामी मशीद निवांत पाहावी. तिच्या खांबांच्या रांगांत ऐन उन्हातही गारवा असतो आणि मुलांना लपाछपी खेळायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. हा सारा परिसर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे खाणे-पिणे बाहेरच आटोपावे आणि कोरीव कामाला हात लावू नये, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

प्रतिसाद २

जांबुघोडा मुलगा थोडा मोठा झाल्यावर करा; घाटवळणाच्या रस्त्याने आमचा धाकटा दोनदा ओकला होता. केसुडा पाहण्यासाठी इतके दूर जाण्याची गरजही नाही. चांपानेरच्या वाटेवर, हालोलच्या पुढे, शेतांच्या बांधांवर पळस पेटलेला दिसतो. गाडी थांबवून खाली पडलेली फुले मुलीला वेचू द्या. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळली की केशरी रंग उतरतो. आमच्याकडे धुळवडीला मुलांच्या अंगावर तोच घालतात. अभयारण्यात कधी गेलात, तर मात्र पडलेले फूलही उचलू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. येत्या रविवारी साडेपाचला निघून वढवाणा, त्यापुढच्या रविवारी चांपानेर आणि वाटेत केसुडा, असे ठरवले आहे. पावागढाचे सासूबाईंना कसे सांगायचे ते नवऱ्यावर सोपवले आहे. आता एकच विचारायचे राहिले: पहाटे निघाल्यावर दोन्ही मुलांना सातच्या सुमारास भूक लागणारच. तेव्हा डभोईच्या रस्त्यावर कुठे गरम दूध आणि बऱ्यापैकी स्वच्छ स्वच्छतागृह मिळते का?