फ्रोझन शोल्डर: भिंतीवरची खूण सरकेना

प्रश्न: डावा खांदा चार महिने आखडलाय. केस विंचरतानाही कळ येते. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर नेते, पण पेन्सिलीची खूण महिनाभर तिथेच. जोर लावू का?

उत्तर: अजिबात नको! मी लावला आणि दोन रात्री बसून काढल्या. आधी 10 मिनिटं शेक, मग ओणवं होऊन हात सैल लोंबकळत सोडायचा, छोटे गोल फिरवायचे. ताण जाणवावा, कळ नको.

दुसरं उत्तर: शुगर तपासलीत? मधुमेहात हे जास्त होतं.

प्रश्नकर्ती: नाही हो, उद्याच तपासते. आणि टॉवेलचा व्यायाम?

उत्तर: रात्रीचा ठणका ओसरल्यावर. टॉवेल पाठीमागे धरून चांगल्या हाताने वर ओढायचा, हळूच. मला दीड वर्ष लागलं, वैतागू नका.