मदत हवी आहे: दुपारी लाइट जाते, फ्रीझरमधलं मटण-हुरडा चांगलं राहिलंय हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,
आम्ही जुळे सोलापुरात राहतो. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, वर पत्रा, पश्चिमेची भिंत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकला की तिथं दुपारी उभं राहवत नाही, आणि फ्रिज नेमका तिथंच आहे. सिंगल डोअर, बर्फ साचणारा, वर छोटा फ्रीझर. त्यात मटणाच्या पिशव्या, मटार, आलं-लसणाची पेस्ट आणि सासूबाईंनी हंगामात भरून ठेवलेला हुरडा. मे महिन्यात नणंदेची मुलं पुण्याहून येतात, त्यांच्यासाठी तो जपून ठेवलाय.

अडचण अशी की दुपारी लाइट जाते. वळवाचा पाऊस आला तर कधी संध्याकाळपर्यंत येत नाही. नंतर बघावं तर कडेच्या पिशवीतला हुरडा मोकळा झालेला आणि मटणाच्या पिशवीत तळाशी गुलाबी पाणी. रात्रीपर्यंत सगळं परत दगडासारखं घट्ट. सासूबाई म्हणतात, वास आला नाही म्हणजे चांगलं आहे. मला ते पटत नाही. घरात लहान मूल आहे, सासऱ्यांना शुगर आहे. मग ठरवायचं कशावरून? उन्हाळ्यात नॉब शेवटच्या आकड्यावर ठेवावा का? आणि बोटभर बर्फ साचतो, तो सुरीनं काढला तर चालतो का?

प्रतिसाद १
ताई, फ्रिज दुरुस्तीचं काम करतो म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सुरी बाजूला ठेवा. त्या बर्फामागेच गॅसची नळी असते. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो. नळीला भोक पडलं तर फ्रिज गेलाच, वर शेगडीजवळ धोका. बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा किंवा फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा, आपोआप सुटतो.

वासावर जाऊ नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येईलच असं नाही, आणि गोठल्यानं ते मरत नाहीत, नुसते थांबतात. मटण सुटलं की पुन्हा वाढायला लागतात. आत बर्फाचे कण शिल्लक असतील, किंवा मटण ४ अंशांच्या आत असेल, तर परत गोठवलं तरी चालतं. चव थोडी उतरते. पूर्ण मऊ पडून दोन तासांवर गेलं असेल तर टाकून द्या. तुमच्या खोलीतल्या उन्हात तर एकच तास धरा.

तुम्ही घरी नसताना काय झालं ते कळायला एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपया ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. नाणं वर दिसलं तर ठीक, तळाशी गेलेलं असलं तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. थर्मामीटर ठेवलात तर उत्तमच: फ्रीझर उणे १८, खाली ४ किंवा कमी. छोट्या फ्रीझरला उन्हाळ्यात उणे १८ गाठणं जड जातं, म्हणून कच्चं मटण महिनोन् महिने ठेवू नका.

गच्च भरलेला मोठा फ्रीझर दार न उघडता ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४, असं वाचाल. तो हिशेब स्वतंत्र दाराच्या फ्रीझरचा आहे, तुमचा बराच आधी सुटणार. मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण भरून गोठवून ठेवा. लाइट गेली की दार उघडूच नका.

नॉब शेवटच्या आकड्यावर नको, मधल्यापेक्षा एक पुढे पुरे. नाहीतर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बर्फही वाढतो. खरा उपाय म्हणजे फ्रिज आतल्या खोलीत हलवा. मागच्या पाटीवर क्लायमेट क्लास (फ्रिज किती गरम खोलीत नीट चालेल तो वर्ग) ‘टी’ असला तरी तो ४३ अंशांपर्यंतचाच असतो. पत्र्याखाली भिंतीला चिकटवला तर ती मर्यादा दुपारीच ओलांडते.

प्रतिसाद २
हुरडा एका वेळेला लागेल तेवढ्याच चपट्या पुड्या करून, हवा काढून मधोमध ठेवा. कडेला मटार. मटण रात्री खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात सोडवा, ओट्यावर नको.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पाणी सुटलेली मटणाची पिशवी आज टाकली. दुपारभर मऊच होती. सासूबाईंना नाण्याची वाटी पटली, त्यांनीच लावली. दादा, आतल्या खोलीत प्लग पाच अँपिअरचा आहे. त्यावर फ्रिज आणि स्टॅबिलायझर चालेल, की सोळाचा वेगळा पॉइंट काढून घेऊ?